गाणारा गायब, खरखर हजर: एका हेडफोनच्या पिनची तपासणी

तक्रार

तक्रार बेळगावच्या शहापुरातल्या पेटीवाल्या काकांची होती आणि ती त्यांनी गाणाऱ्या माणसाच्या भाषेत मांडली. "गाणारा ऐकायलाच येईना की रे. नव्या रेकॉर्डिंगमध्ये वाद्यं येतात, गाणाऱ्याचा नुसता घुमारा मागून कुठून तरी येतो. जुन्या तबकड्या लावल्या तर निव्वळ खरखर. पिन जरा पिळली की सगळं परत येतं, हात सोडला की गेलं."

काका सत्तरीचे. घरी मुलांना पेटी शिकवतात. रात्री घरातली माणसं झोपली की मोबाईल पेटीवर ठेवतात, हेडफोन लावतात आणि ऐकत बसतात; मधूनच एखादी जागा पेटीवर हळू वाजवून बघतात. पेटीवादक पं. रामभाऊ विजापुरे यांच्या गावातल्या पेटीवाल्याला ऐकणं चुकवून चालत नाही, असं त्यांचं म्हणणं. ऐकायचा माल मुख्यतः जुना: मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून उतरवून घेतलेली गाणी. त्यात कुमार गंधर्वांच्या बालपणीच्या तबकड्या त्यांच्या विशेष जिव्हाळ्याच्या. कुमारांचा जन्म ८ एप्रिल १९२४ चा, बेळगावजवळच्या सुळेभावीचा. म्हणजे हे ध्वनिमुद्रण १९३०च्या दशकातलं. ही तारीख पुढं कामाची आहे.

हेडफोन मुलानं पुण्याहून आणून दिलेला: कान पूर्ण झाकणारा, वायरचा, माईक नसलेला, ३२ ओहमचा (ओहम म्हणजे विजेला होणाऱ्या अडथळ्याचं माप). वायर खाली एक आणि गळ्यापाशी दोन फाटे होऊन दोन्ही कानांत जाणारी. पिन ३.५ मिलिमीटरची, सरळ, रबरात ओतलेली.

माझ्याकडं येण्याआधी दोन निदानं होऊन गेली होती. नातीचं म्हणणं, "आज्जा, फाईलच खराब आहे." तिनं सगळी गाणी पुन्हा उतरवून दिली. बाजारातल्या एका मोबाईलच्या दुकानात सांगितलं की असले हेडफोन उघडत नाहीत, ब्लूटूथ घ्या. फाईलचं निदान चुकीचं होतं, पण त्यात निदान काहीतरी विचार होता. दुसऱ्यात तोही नव्हता. काकांना ब्लूटूथ नको, कारण आणखी एक वस्तू रोज चार्ज करायची त्यांची तयारी नाही. आणि चांगले स्पीकर असलेला हेडफोन एका पिनेपायी टाकून देणं मलाही पटत नाही.

कानानं केलेली तपासणी

लूज कनेक्शन म्हटलं की लोक लगेच ब्लेड काढतात. या प्रकरणात ब्लेड हातात घेण्याआधीच बिघाडाची जागा जवळपास बोटभर लांबीत सापडली होती, आणि ती काकांच्या तक्रारीतूनच सापडली.

प्रत्येक कानात एक छोटा स्पीकर असतो आणि त्याला दोन तारा लागतात: एक आवाज आणणारी, एक परतीची. पिनवर मात्र तीनच भाग असतात. टोक डाव्या कानाचं, मधली रिंग उजव्या कानाची आणि मागचा लांब भाग दोन्ही कानांच्या परतीच्या तारांसाठी सामाईक. दुरुस्तीवाले याला अर्थिंग म्हणतात. (माईकवाल्या पिनेवर आणखी एक रिंग असते. तिथं हिशोब थोडा वेगळा, इथं त्याची गरज नाही.)

डाव्या कानाची आवाजाची तार तुटली तर डावा कान बंद, उजवीकडची तुटली तर उजवा. हे कुणालाही कळतं. सामाईक परतीची वाट तुटली तर मात्र दोन्ही कान बंद होत नाहीत, आणि फसगत होते ती इथंच. परत जायला रस्ता नाही म्हटल्यावर वीज डाव्या स्पीकरमधून शिरून उजव्यातून निघते. दोन्ही स्पीकर एका ओळीत येतात आणि त्यांना मिळतो तो डाव्या आणि उजव्या आवाजातला फरक तेवढा. नळीच्या दोन्ही तोंडांना सारखाच दाब दिला तर पाणी हलत नाही, तसंच हे आहे.

आता गायकाचा आवाज. स्टुडिओत तो बहुतेक वेळा बरोबर मधोमध ठेवतात, म्हणजे दोन्ही बाजूंना सारखाच. सारख्यातून सारखं गेलं की उरतं शून्य, म्हणून गाणारा गायब. एखादं वाद्य एका बाजूला जास्त ठेवलेलं असतं, ते उरतं. गायकाच्या आवाजाला जोडलेला घुमारा डावीकडं एक आणि उजवीकडं थोडा वेगळा असतो, म्हणून तोही उरतो. काकांना गाण्याविना घुमारा ऐकू येत होता तो याच कारणानं. त्यांनी हे इतकं नेमकं सांगितलं नसतं तर मीही आधी एखादा कान बंद आहे का तेच बघत बसलो असतो.

तबकड्यांची गोष्ट याहून मजेची. स्टिरिओ, म्हणजे दोन कानांना वेगवेगळा आवाज देणाऱ्या तबकड्या जगाच्या बाजारात आल्या त्या १९५८ च्या सुमारास. १९३०च्या दशकातलं ध्वनिमुद्रण मोनोच, म्हणजे एकच आवाज दोन्ही कानांना. परतीची वाट तुटली की त्यातलं सगळंच गायब व्हायला हवं: गाणारा, पेटी, तबला, सगळं. मग खरखर कुठून आली? या तबकड्या आज संगणकावर घेताना बऱ्याचदा स्टिरिओ सुई वापरतात. खाचेच्या दोन भिंतींवर गाणं सारखं कोरलेलं असतं, पण ओरखडे आणि धूळ दोन्ही भिंतींवर सारखी नसते. उतरवणाऱ्यानं शेवटी दोन्ही बाजू एकत्र केल्या नाहीत तर फाईलमध्ये गाणं दोन्हीकडं तेच आणि खरखर दोन्हीकडं वेगळी राहते. तुटलेल्या वायरीनं गाणं वजा केलं आणि खरखर काकांच्या हाती ठेवली. फाईल खराब आहे असं नातीला वाटलं यात तिचा काय दोष?

सामाईक वाट तुटलेली आहे हे ठरलं, पण कुठं? असाच परिणाम मोबाईलच्या सॉकेटमुळंही होतो. पिन शेवटपर्यंत आत गेली नाही तर तिचा मागचा भाग सॉकेटच्या आतल्या पट्टीला टेकत नाही. मोबाईलचं जाड कव्हर हे त्याचं एक नेहमीचं कारण, खिशातला कापूस आणि धूळ हे दुसरं. काकांच्या मोबाईलवर असं जाड कव्हर होतंच. ते काढलं, फरक नाही. मोबाईल बंद करून, टॉर्च मारून, लाकडी टूथपिकनं सॉकेटमधला थोडा कापूस काढला. (सुई घालू नये, आतल्या पट्ट्या वाकतात.) तरी तेच. मग नातीच्या मोबाईलला टाईप-सी कन्व्हर्टर लावून हाच हेडफोन लावला, तिथंही गाणारा नाही. काकांच्या मोबाईलवर दुसरा साधा हेडफोन लावला, गाणारा हजर. मोबाईल सुटला, हेडफोन अडकला.

आणखी एक तपासणी फुकटात होते. मोबाईलच्या सेटिंगमध्ये ॲक्सेसिबिलिटी या भागात मोनो ऑडिओ असं एक बटण असतं. एका कानानं कमी ऐकू येणाऱ्यांसाठी ते दिलेलं असतं आणि ते दोन्ही बाजूंना एकच मिसळलेला आवाज पाठवतं. ते सुरू केल्यावर नवी गाणीसुद्धा जवळजवळ गप्प झाली, पिन पिळली की पूर्ण आवाज. संशयाला जागाच उरली नाही.

शेवटचा धागा वायरीच्या रचनेचा. अशा दोन फाट्यांच्या वायरीत बहुधा चार तारा असतात: दोन्ही कानांना आपापली आवाजाची आणि आपापली परतीची. दोन्ही परतीच्या तारा एकत्र येतात त्या थेट पिनेच्या आत. म्हणजे गळ्यापाशी किंवा कानापाशी एखादी परतीची तार तुटली तर फक्त तो कान बंद पडेल, गाणारा वजा होणार नाही. दोन्ही परतीच्या तारा एकदम सुटतील अशी जागा एकच, पिन.

मीटर काय म्हणाला

तरीही मीटर लावला, कारण कापलेली वायर परत जोडता येते पण न कापण्याइतकं सोपं काही नाही. साधा डिजिटल मल्टिमीटर, २०० ओहमची रेंज. टोक आणि रिंग यांच्यावर काड्या ठेवल्या: ६४ च्या आसपास. टोक आणि मागचा भाग: मीटरच्या पडद्यावर डावीकडं नुसता १, म्हणजे वाट बंद. रिंग आणि मागचा भाग: तोच १. पिनेच्या मुळाशी रबर वाकवलं की दोन्ही आकडे ३२ च्या जवळ यायचे आणि सोडलं की परत १.

या तीन आकड्यांत सगळं आलं. टोक ते रिंग ६४ म्हणजे ३२ अधिक ३२. दोन्ही स्पीकर शाबूत, आवाजाच्या दोन्ही तारा शाबूत, आणि दोन्ही परतीच्या तारा एकमेकींना अजून चिकटलेल्या. त्या फक्त पिनेच्या मागच्या भागापासून सुटल्या होत्या. पुढं पिन कापल्यावर रबर उभं चिरून पाहिलं तर हेच दिसलं: दोन तांब्याच्या तारा पिळून एका मळकट, निस्तेज सोल्डरच्या गोळ्यात अडकलेल्या आणि तो गोळा पट्टीवर नुसता टेकलेला. सांधा कारखान्यातच नीट बसलेला नसावा. रबराच्या दाबानं तो काही काळ टिकला.

तीच पिन पुन्हा जोडायच्या फंदात पडलो नाही. ओतीव पिनेच्या आतलं प्लास्टिक सोल्डरगनच्या उष्णतेनं विरघळतं आणि वर पुन्हा रबर ओतता येत नाही ते नाहीच.

पिन बदलताना

खडे बाजाराच्या बाजूला एका दुकानात स्टिरिओ पिन मागितली. दुकानदारानं कन्नडमध्ये किती रिंगांची ते विचारलं, मी मराठीत दोन काळ्या रेघांची सांगितलं, व्यवहार झाला. एल आकाराची पिन घ्यायची फार इच्छा होती, कारण ओढ बसली तरी ती वायर मोडू देत नाही. पण मिळाली त्या एल पिनेचा खांदा जाड होता आणि काका मोबाईलचं कव्हर काढणार नव्हते. म्हणून सरळ, धातूची, बारीक खांद्याची घेतली. किंमत इतकी किरकोळ की ब्लूटूथवाल्या सल्ल्याचा तिथंच निकाल लागला.

काम २५ वॅटच्या सोल्डरगननं, आत राळ असलेल्या ६०/४० सोल्डरनं. त्यात शिसं असतं, म्हणून खिडकी उघडी ठेवून काम करावं आणि हात धुतल्याशिवाय खाऊ नये.

पहिली गोष्ट: पिनेचं स्क्रूचं टोपण आणि तापवल्यावर आकसणाऱ्या प्लास्टिकच्या नळीचा तुकडा वायरीवर आधी सरकवून ठेवायचा. सांधे झाल्यावर हे आठवलं तर सगळं परत उपसावं लागतं. वायर पिनेपासून थोडी मागं कापली, कारण वाकून वाकून मुळाजवळच्या तारा आतून कमकुवत झालेल्या असतात. बाहेरचं आवरण ब्लेडनं गोल फिरवून हलकंच सोललं.

आत एक लाल, एक हिरवी आणि दोन तांबूस, आणि सगळ्यांत पांढरे दोरे. लाल उजव्या कानाची, हिरवी डाव्याची, तांबूस परतीच्या. बहुतेक हेडफोनांत रंग असेच असतात, पण मीटरनं खात्री करून घ्यावी. इथं एक गोम आहे आणि घरी केलेल्या दुरुस्त्या फसतात त्या बहुतांशी इथंच. या तारांवरचा रंग म्हणजे इन्सुलेशन आहे. केसासारखी प्रत्येक बारीक तार लाखेसारख्या थरात वेगळी बुडवलेली असते, आणि जी तांबूस दिसते तिच्यावरही बहुधा पारदर्शक थर असतो. अशा तारा एकमेकींना पिळून टेप गुंडाळला तर तांबं तांब्याला लागतच नाही. मग माणूस म्हणतो, जोडून पाहिलं, उपयोग नाही.

हा थर काढायला लायटरनं तार जाळायची पद्धत सर्रास आहे. मला ती आवडत नाही. दोरे जळतात हे खरं, पण तांबंही काळवंडतं आणि बारीक तारा ठिसूळ होतात. त्यापेक्षा गनच्या टोकावर ताज्या सोल्डरचा थेंब घ्यावा आणि तारेचं टोक त्यात हळूहळू सरकवावं. आधी धूर निघतो, मग थर जळून सोल्डर तारेवर एकदम चकचकीत पसरतं. तसं पसरलं नाही तर थर गेलेला नाही, पुन्हा करावं. धूर नाकात जाऊ देऊ नये. पांढरे दोरे आधीच कात्रीनं छाटले.

पिनेच्या मागच्या पट्ट्यांनाही आधी सोल्डरचा हात दिला. त्या वेळी पिन एका जुन्या सॉकेटमध्ये खोचून ठेवली होती. पिनेच्या भागांमधलं काळं प्लास्टिक तापून मऊ पडलं तर भाग सरकतात. सॉकेटमध्ये ते जागच्या जागी राहतात आणि थोडी उष्णताही शोषली जाते. आधी दोन्ही तांबूस तारा एकत्र करून मोठ्या पट्टीवर, मग लाल रिंगच्या पट्टीवर, शेवटी हिरवी टोकाच्या पट्टीवर.

हिरवी लावत असतानाच करंट गेलं. बाहेर पाऊस धो धो, कधी येईल त्याचा भरवसा नाही. गन निवत चाललेली आणि सांधा अर्धाच. अशा वेळी जे चिकटलंय ते चालेल म्हणून पुढं जायचा मोह होतो. निवत्या गननं केलेला सांधा दाणेदार, मळकट दिसतो आणि नुसता टेकून राहतो. आपण कापून टाकलेल्या पिनेत तोच होता. करंट आल्यावर हिरवीचा सांधा पूर्ण वितळवून, थोडी ताजी राळ लावून परत केला.

टोपण फिरवण्याआधी पिनेच्या शेपटाकडचे दोन धातूचे पंख वायरीच्या बाहेरच्या आवरणावर दाबून बसवले. ते नुसत्या तारांवर दाबले तर ओढ सरळ सांध्यावर जाते. वायर पंखांच्या मानानं बारीक होती, म्हणून आकसणाऱ्या नळीचा तुकडा तिथं तापवून वायर आधी जाड करून घेतली.

मग मीटर: टोक ते मागचा भाग ३२, रिंग ते मागचा भाग ३२, टोक ते रिंग ६४, आणि वायर वाकवली तरी आकडे जागचे हलेनात. कानाची तपासणी दोन टप्प्यांत. डावं-उजवं बरोबर आहे का ते स्टिरिओ गाण्यावर पाहिलं, मोनोवर ते कळतच नाही. आणि काकांची एक मोनो तबकडी लावली, कारण एखाद्या कानाच्या दोन तारा उलटसुलट लागल्या असतील तर मोनो आवाज डोक्याच्या मधोमध न बसता दोन्हीकडं पसरल्यासारखा होतो. तो मधोमध बसला. काका समेपर्यंत थांबले, मग मान हलवली.

कारण

पिन कच्ची होती हे खरं, पण ती सुटली काकांच्या बसण्यामुळं. पेटी वाजवताना डावा हात भात्यावर असतो. मोबाईल पेटीच्या डाव्या टोकाला, पिन भात्याकडं तोंड करून. प्रत्येक वेळी भाता उघडताना मनगट वायरीला लागायचं आणि सगळा झटका पिनेच्या मुळावर. मोबाईल आता उजव्या टोकाला, पिन बाहेरच्या बाजूला. वायरीचा एक सैल वेढा पेटीच्या बाजूच्या पितळी कडीतून घेतलाय, म्हणजे ओढ बसली तर कडीवर बसेल. काकांनी आधी कुरकुर केली, "उजवीकडं मोबाईल असला की पानाचा डबा कुठं ठेवायचा?" डबा डावीकडं गेला.

दिवाळीनंतर पुन्हा मीटर लावून पाहिलं, आकडे तेच आहेत. उजव्या कानापाशी वायर जिथं आत शिरते तिथल्या रबराला मात्र चीर पडायला लागलीय. तिथं तार तुटली तर या वेळी गाणारा गायब होणार नाही, फक्त उजवा कान बंद पडेल. मीटरवर टोक ते मागचा भाग ३२ राहील आणि रिंगचे दोन्ही आकडे १ दाखवतील. तेव्हा पिनेला हात न लावता उजवा कप उघडावा लागेल. त्याचे स्क्रू बहुधा कानाच्या गादीखाली असतात.